पिच्चर मधूनच लागला होता

आमच्या घरी कोणताही पिच्चर सुरुवातीपासून पाहायची रीत नाही. टीव्ही लावला की जे चालू असेल ते, आणि जिथून चालू असेल तिथून. पाहुणा चपला काढता काढता विचारतो, "काय लागून हाय?" त्याला उत्तर मिळतं, "तोच." कोणता तोच, हे तो विचारत नाही. त्याच्या घरीही तोच लागलेला असतो.

पुण्या-मुंबईकडचे आमचे नातेवाईक यावर पोट धरून हसतात. सुटीत आले की त्यांची पोरं रिमोट घेऊन बसतात, चॅनेल पुढं पुढं दाबत जातात आणि ओरडतात, "काकू, तुमच्याकडं पण हाच?" जसं काही त्यांच्याकडं तारेतून दुसरंच काही येतं. जानेवारी २०२३ मध्ये एका वैतागलेल्या प्रेक्षकानं तर 'सूर्यवंशम' वारंवार दाखवणाऱ्या वाहिनीला रीतसर पत्रच लिहिलं. आतापर्यंत हा चित्रपट किती वेळा दाखवला, पुढं अजून किती वेळा दाखवायचा विचार आहे, आणि आमच्या डोक्यावर परिणाम झाला तर जबाबदार कोण, असे त्यात प्रश्न. पत्र देशभर फिरलं, फिरत फिरत आमच्या गावच्या ग्रुपवरही आलं. मी ते मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाचून दाखवलं. ते जेवत होते. भाकरीचा तुकडा वरणात बुडवत म्हणाले, "त्या माणसाकडची लाइन जात नसंन."

पत्रापेक्षा मला हे उत्तर जास्त पटलं. का पटलं ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात आले, आणि थोड्याच दिवसांत भारनियमनाचा काळ सुरू झाला. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी विदर्भातल्या खेड्यात काढली त्यांना हे वेगळं सांगायला नको. बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त, लाइन नसायची. वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि लाइन आपल्या मनानं यायची-जायची. रात्री सिंगल फेजवर बल्ब पिवळा पेटायचा, पंखा एकेक पातं मोजता येईल असा फिरायचा. माझ्या आंदणातला एकवीस इंची रंगीत टीव्ही सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, टेबलावर ठेवलेला होता. व्होल्टेज उतरलं की त्याचं चित्र चारी बाजूंनी आखडायचं. हिरो-हिरोइन मधल्या चौकोनात दाटीवाटीनं उभे, आणि बाजूला काळी पट्टी.

आता 'सूर्यवंशम' हा जवळजवळ तीन तासांचा सिनेमा. जाहिराती धरल्या तर चार तासांकडं जातो. त्या वर्षांत आमच्या गावात सलग चार तास लाइन राहिली असेल, तर गावातल्या कोणाला तरी तो सुदिन तारखेनिशी लक्षात असता. म्हणून मामाजींनी हा पिच्चर तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. बापानं हिराला, म्हणजे हिरोला, घराबाहेर काढलं, इथपर्यंतचा भाग त्यांना कितीतरी वेळा मिळाला. बस घेतो, धंदा वाढवतो, तो मधला भाग एका दिवाळीत सापडला. नातू आणि आजोबांची ओळख होते तो भाग त्यांनी दुसऱ्याच्या घरी, सोयाबीनच्या पोत्यांवर बसून पाहिला. शेवट मात्र काही केल्या हाती लागेना. शेवटची ती विषाची खीर ताटात आली की लाइन गेली. दरवेळी असं होत नसेल, पण मामाजींचा ठाम समज तोच.

गावात एकाकडं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्या घरच्या पोरानं शेवट पाहिला होता. त्यानं पारावर बसून तो सांगितला, आणि सांगताना स्वतःच्या पदरची बरीच मारामारी घातली. मामाजी पुढची काही वर्षं तोच शेवट खरा धरून चालले. पुढं कधीतरी अख्खा पिच्चर सरळ शेवटपर्यंत पाहायला मिळाला, तेव्हा सगळं घर त्यांच्या तोंडाकडं पाहत होतं. ते उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, "त्या पोट्ट्यानं सांगलं ते बरं होतं."

माझी गोष्ट त्याहून वेगळी आहे. मी तो पिच्चर आधी ऐकला, मग पाहिला. नवी सून, सपरीत सासरे आणि दीर बसलेले, तेव्हा मी तिथं जाऊन बसायचा प्रश्नच नव्हता. चुलीजवळून ऐकू येईल तेवढा सिनेमा माझा. भाकरी थापता थापता मला एक गोष्ट खटकायची. या पिच्चरमधली सासू आणि सून एकाच आवाजात बोलतात. सासू बोलते तेव्हाही तोच घोगरा, ओढ असलेला सूर, सून बोलते तेव्हाही तोच. वाटायचं, आपलेच कान वाजतात. तो आवाज ओळखीचाही वाटायचा. मग एक दिवस चिमट्यात भाकरी धरलेली असताना लख्ख कळलं, ही तर रेखा! पिच्चरमध्ये ती कुठंच नाही. पण नायिका सौंदर्या आणि हिराची आई झालेली जयसुधा, दोघीही दक्षिणेतल्या. दोघींच्या तोंडी हिंदी आवाज रेखाचा आहे. सपरीत बसून पाहणाऱ्या पुरुषांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलेलं नव्हतं. ते हिरोकडं पाहत होते. सौंदर्या बिचारी २००४ मध्ये बंगळुरूजवळ विमान अपघातात गेली. चॅनेलवर मात्र ती आजही दर काही दिवसांनी परीक्षा देते आणि कलेक्टर होते.

त्या कलेक्टर होण्यावरून आठवलं. आमच्याकडं बायकांच्या पिच्चर पाहण्याला हंगाम असतो. दिवाळीपासून पुढं कापसाच्या वेचणीत कोण टीव्ही पाहतं? सकाळी डबा बांधून निघायचं, संध्याकाळी किलोवर मोजून यायचं, की दुसऱ्या दिवशीचं पीठ. जरा सवड मिळते ती एप्रिल-मे महिन्यात. बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन, दाराला ओला पडदा, कूलरचा घरघराट, आणि सपरीत बायकांचा गोल. कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे. सरगुंडे करणं म्हणजे दुपारच्या टीव्हीसाठीच केलेलं काम आहे. ओल्या पिठाची गोळी बोटानं काडीवर गुंडाळायची आणि नळी झाली की अलगद काढायची. डोळे पूर्णपणे मोकळे. बोटांना सवय असते. आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या हातचा सरगुंडा एकसारखा उतरतो, त्या पडद्यावरून नजर न हलवताही.

अशाच एका दुपारी नायिका कलेक्टर झाल्याचा भाग लागला होता. नवरा अडाणी आणि बायको लाल दिव्याच्या गाडीतली. आत्याबाईंची काडी हातातच थांबली. आता त्या काहीतरी मोठं बोलणार असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "हिच्या घरी सैपाक कोण करत असंन वं?" गोलातल्या सगळ्या जणी हसल्या आणि मग खरंच त्यावर चर्चा सुरू झाली. बाई ठेवली असेल. नाही, गावात बाई कुठं मिळते. सकाळी करून जात असेल. कलेक्टरले सकाळी टाइम भेटते का? पिच्चर पुढं गेला, चर्चा तिथंच राहिली. हरकत नव्हती. पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना पुढच्या आठवड्यात कळणारच होतं.

आमच्याकडं हा असा व्यवहार आहे. सलग तीन तास मोकळे असलेला माणूस आमच्या गावात मला तरी भेटलेला नाही. कोणाचं ओलीत असतं, कोणाची म्हैस आटत आलेली असते, कोणाकडं पाहुणे. एकदाच लागणारा पिच्चर अशा गावात कोणाचाच पूर्ण पाहून होणार नाही.

चॅनेलवाले अर्थात आमची म्हैस डोळ्यांपुढं ठेवून कार्यक्रम आखत नाहीत. त्यांचं गणित सरळ आहे. सिनेमाचे हक्क ते काही वर्षांसाठी घेतात. मोठा पैसा तेव्हाच जातो, आणि करारात बसेल तितक्या वेळा तोच सिनेमा लावून मधल्या जाहिराती दरवेळी नव्यानं विकता येतात. केबल टीव्हीच्या नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटं जाहिरातींना मिळतात, त्यातली १० विकायची आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. नवा सिनेमा घ्यायचा तर किंमत भारी आणि चालेल याची खात्री नाही. जुना कुठल्या वारी, कुठल्या वेळेला किती पाहिला जातो याचा आकडा हाताशी असतो. 'सूर्यवंशम'बद्दल तर असं सांगतात की १९९९ मध्ये तो सिनेमा आणि ती वाहिनी एकाच वर्षी आली आणि वाहिनीनं त्याचे हक्क शंभर वर्षांसाठी घेऊन टाकले. खरं असेल तर २०९९ पर्यंत खीर शिजत राहणार. गंमत म्हणजे टॉकीजमध्ये तो फारसा चालला नव्हता. त्याला नाव मिळालं ते घराघरांतून.

कोणता पिच्चर किती पाहिला जातो, तो आकडा कुठून येतो हेही पाहण्यासारखं आहे. देशभरात पन्नास हजारांवर घरांत मीटर बसवलेले आहेत, त्यावरून बार्क नावाची संस्था कोण काय पाहतं याचा अंदाज काढते. २०१५ पर्यंत या मोजणीत खेडी जवळजवळ नव्हतीच. शहरं पाहतील ते देशानं पाहिलं असं धरलं जायचं. त्या वर्षाच्या अखेरीस गावं मोजायला सुरुवात झाली आणि फुकट दिसणाऱ्या चॅनेलचे आकडे एकदम वर गेले. म्हणजे तोपर्यंत आम्ही पाहत होतो, फक्त ते कोणाच्या हिशेबात नव्हतं. तरीही मला एक शंका आहे. आमच्याकडं टीव्ही चालू असतो तेव्हा तो पाहिला जात असतोच असं नाही. माणसं अंगणात, म्हातारी खाटेवर डोळा लागलेली, आणि आत हिरो बोंबलतोय. घरात कोणीतरी बोलतंय एवढंच त्यातून हवं असतं. मुलं शहरात गेलेल्या घरांत तर फारच. अशा घरात मीटर बसला तर कोण पाहतंय हे सांगायला तिथं कोणतं बटण दाबायचं?

तसं पाहिलं तर पिच्चर फिरून फिरून दाखवणं ही टीव्हीची काढलेली टूम नाही. सिनेमाच्या धंद्यात आमच्या भागाला आजही 'सी. पी. बेरार' म्हणतात. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव सरकारी कागदावरून गेलं, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, वितरकांच्या वहीत मात्र अजून बेरार आहे. पिच्चरची पेटी आधी मोठ्या शहरात लागायची, मग तालुक्याला यायची, मग यात्रेतल्या तंबूत. तोवर रिळावर इतक्या रेघा पडायच्या की उन्हाळ्यातल्या प्रसंगातही पाऊस दिसायचा. माझ्या लहानपणी अमरावतीला मॅटिनीला जुनेच पिच्चर लागायचे आणि लोक तिकीट काढून जायचे. पुढं दूरदर्शनवर आठवड्याला एक हिंदी आणि एक मराठी. तेव्हा जो लागेल तो देवाचा प्रसाद. आणि मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा दूरदर्शननं १९८७ चं 'रामायण' पुन्हा लावलं, अख्खा देश पुन्हा बसला. तेव्हा कोणी डोक्यावर परिणाम झाल्याचं पत्र लिहिलं नाही.

आता आमच्या आळीत बहुतेक घरांवर दूरदर्शनची फुकट छत्री आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती योजना सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. २०१९ मध्ये चॅनेलचे दर बदलले, शंभर चॅनेलला १३० रुपये आणि वर कर, शिवाय पैसेवाले चॅनेल निवडायचे ते वेगळे. त्या हिशेबाचा कागद वाचून आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी आधीचा डबा कपाटावर टाकला आणि फुकटवाली छत्री बसवली. फुकट छत्रीवर येतात ते मुख्यतः दक्षिणेतले, हिंदीत आणलेले पिच्चर. पांढरकवड्याच्या पुढं पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे तेलुगू मुलूख. तिकडं कामाला जाऊन आलेल्या माणसांना ते हिरो नावानिशी माहीत असतात. मराठी घरात तेलुगू पिच्चर हिंदीतून, आणि 'पुष्पा'मध्ये तर हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा, म्हणजे घूम-फिरके पुन्हा मराठी माणूसच.

छत्रीचा शत्रू म्हणजे वांदरं. वाळत घातलेल्या कुरड्या त्यांना लांबून दिसतात. टोळी कवेलूंवरून धडधडत येते, दोन-चार कवेलू फोडते, आणि एखादं हुप्प्या वांदर छत्रीच्या दांडीवर असं बसतं की खाली पडद्यावरचं चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजतं. मग माझा मुलगा शिडी लावून वर, मामाजी खाली खिडकीशी, आणि मी टीव्हीपुढं.

"आला का?"

"नाई."

"आता?"

"आवाज आला, चित्र नाई."

"मांगं घे बे थोडा, यवतमाळकडं नको, दिग्रसकडं फिरव!"

"आला आला आला... गेला."

असं बराच वेळ चालतं. एकदा चित्र खरंच आलं तेव्हा पडद्यावर 'समाप्त' लिहिलेलं होतं. मुलगा वरूनच विचारत होता, दिसते का, आणि मामाजी म्हणाले, "दिसते, उतर आता."

एवढं सगळं सांगूनही चॅनेलवाल्यांना मी सोडणार नाही. पुन्हा पुन्हा दाखवा, माझी तक्रार नाही. पण पुन्हा पुन्हा तेच चारदोन कशाला? मराठी सिनेमासाठी पहिलं वेगळं चॅनेल, झी टॉकीज, २००७ मध्ये आलं, पुढं आणखी आले. कोणतंही लावा, 'अशी ही बनवाबनवी', 'झपाटलेला', 'माहेरची साडी', आणि पुन्हा 'अशी ही बनवाबनवी'. बनवाबनवीवर माझा राग नाही. १९८८ चा तो सिनेमा आजही मला हसवतो, आणि लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आला की माझ्या हातचं काम थांबतं. पण माझ्या पुतणीला मनापासून वाटतं की मराठी सिनेमा बनवाबनवीपासून सुरू झाला. १९३२ चा पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' तिला कुठून माहीत असणार? 'संत तुकाराम' १९३७ मध्ये पार व्हेनिसला जाऊन नावाजला गेला, 'श्यामची आई'ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे तिच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीचं उत्तर आहे. पाठ करते, मार्क घेते. पाहिला का म्हटलं तर म्हणते, "कुठं लागते तो?"

आणि जे लागतात तेही आहेत तसे लागत नाहीत. दरवेळी कात्री थोडी आत जाते. आधी एखादं गाणं जातं, मग त्या गाण्याआधीचा प्रसंग, मग विनोदी नोकराचं कथानकच उडतं. पाठ असलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आमच्या आळीतली दहावीतली पोरं टीव्हीपुढं बसून सांगतात, "इथं काकाचा सीन होता, कापला." म्हणजे तोच पिच्चर पाहून कंटाळलो म्हणणाऱ्यांना कल्पना नसते की तो दिवसेंदिवस लहान होत चाललाय.

आणखी एक बोच आहे. एवढ्या फेऱ्या होतात, पण त्या फिरणाऱ्या सिनेमांत आमची बोली कितीदा ऐकू येते? आलीच तर चहा आणून देणाऱ्याच्या तोंडी, लोकांना हसवायला. माझी नणंद ब्रह्मपुरीकडं दिलेली आहे. तिकडं झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली, नाटकं दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत चालतात, वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, आणि नाटक रात्री सुरू होतं ते उजाडायला संपतं. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं एकच नाटक अख्खा हंगाम चालतं, ही पण पुनरावृत्तीच झाली. पण नट शहाणे असतात. गावात पाय ठेवला की ते विचारून घेतात, इथं सध्या कशावरून भांडण सुरू आहे, आणि रात्री तो विषय बरोबर नाटकात येतो. मांडवात शिट्ट्या पडतात, आणि ज्याच्यावर बोललं जातं तोही हसतो. नणंद एकच नाटक आपल्या गावीही पाहते आणि शेजारच्या गावीही, आणि दोन्ही वेळचं वेगवेगळं सांगते.

पिच्चरला ते जमत नाही, म्हणून आमच्याकडं ते काम पाहणारा करतो. मामाजींची ठरलेल्या जागी ठरलेली दाद असते, पण मजकूर बदलतो. हिराच्या बसगाड्या ओळीनं निघाल्या की काही वर्षांपूर्वी ते म्हणायचे, एवढ्या गाड्याइले ड्रायव्हर कुठून आणले असतीन. गावची सकाळची गाडी बंद झाली त्या साली म्हणाले, "याच्यातली एक इकडं धाड म्हणा." कापसाचा भाव पडला तेव्हा म्हणाले, यानं बरं केलं, शेती नाही केली. यंदा धाकट्या नातवाला शहरात शिकायला पाठवला, तर बाप-लेकाच्या अबोल्याचा तो लांबलचक भाग त्यांनी काहीच न बोलता पाहिला आणि मध्येच उठून गोठ्याकडं गेले. मी दहा वेळा पाहिलेल्या प्रसंगात मला त्या दिवशी पिच्चर दिसलाच नाही, खाटेवरची रिकामी जागा दिसत होती.

परवा मी त्यांना म्हटलं, मामाजी, मला चॅनेलवाल्यांना पत्र लिहायचं आहे. त्या माणसासारखं नाही. मला त्यांना एक पिच्चर सुचवायचा आहे. 'देवकीनंदन गोपाळा', १९७७ चा, राजदत्तांचा. गाडगेबाबांवरचा. बाबा शेंडगावचे, आपल्या अमरावती जिल्ह्यातले, आणि डॉ. श्रीराम लागूंनी काम केलेलं. २० डिसेंबरला बाबांची पुण्यतिथी असते, त्या रात्री तरी लावा म्हणून लिहिते.

मामाजी विळ्याला धार लावत होते. हात थांबवून म्हणाले, "लागूचा नं? पाहिला म्या तो. जत्रेत, तंबूत. अर्धा."

"अर्धा का?"

"जनरेटर बंद पडलं. मंग पैसेई वापस नाई देल्ले."

"मग लिहू ना?"

"लिही. पण डिसेंबरात मी जागलीले असतो, हरभऱ्यात डुकरं येतेत. एक डाव लावून काय होते? चार-पाच डाव लावाले सांग त्याइले."